चोरी किती टक्के? वत्सगुल्म ते सिमिलॅरिटी रिपोर्ट

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर. या गावांतली महाविद्यालयं १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. इथून पीएचडी करणाऱ्याला प्रबंध सादर करताना मार्गदर्शकाच्या सहीइतकाच महत्त्वाचा असा एक कागद सोबत लावावा लागतो. प्रबंध संगणकीय तपासणीतून गेला आणि त्यात इतरांच्या लेखनाशी अमुक टक्के साम्य आढळलं, असं तो कागद सांगतो. हा टक्का दहाच्या आत असला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. दहाच्या वर गेला की संशोधक, मार्गदर्शक आणि ग्रंथपाल तिघेही वाक्यं फिरवायला बसतात.

याच वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाङ्मयचौर्याची संस्कृतातली सर्वांत तपशीलवार चर्चा ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथाने या गावाला साहित्याच्या जगात मानाचं स्थान दिलं आहे. ग्रंथ आहे राजशेखराचा 'काव्यमीमांसा', काळ दहाव्या शतकाचा आरंभ. आजचं सॉफ्टवेअर काय पकडतं आणि काय सोडतं, हे समजून घ्यायला हा हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ आश्चर्य वाटावं इतका उपयोगी पडतो.

काव्यपुरुषाचं सासर

काव्यमीमांसेच्या तिसऱ्या अध्यायात एक कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला वळवण्यासाठी गौरी साहित्यविद्येला निर्माण करून त्याच्या मागे पाठवते. देशोदेशी ती त्याच्या मागून जाते आणि दर प्रदेशात तिचा वेश, नृत्य आणि बोलणं बदलत जातं. गौडांच्या देशात काव्यपुरुष बधत नाही, पांचालात थोडा विरघळतो आणि दक्षिणेत पुरता वश होतो. दोघांचा गांधर्वविवाह लागतो तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. राजशेखर या नगराला कामदेवाचं क्रीडास्थान म्हणतो. 'कर्पूरमंजरी' या त्याच्या संपूर्ण प्राकृतातल्या नाटकातही हे गाव 'वच्छोम' या नावाने येतं आणि 'वच्छोमी' ही काव्यरचनेची एक रीत म्हणून तो मांडतो.

राजशेखर रमला कनौजच्या प्रतीहार राजांच्या दरबारी, पण त्याचं यायावर घराणं इकडचं. आपले पणजोबा अकालजलद यांचा उल्लेख तो महाराष्ट्राचा चूडामणी असा करतो. या अकालजलदाचा एकही ग्रंथ आज हाती नाही. मात्र त्याच्याबद्दल एक गोष्ट टिकली आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या जल्हणाने १२५८ साली 'सूक्तिमुक्तावली' हा संग्रह केला. त्यात राजशेखराच्या नावावर असलेल्या एका श्लोकाचा आशय असा: कादंबरीराम नावाचा नाटककार श्रेष्ठ कवी म्हणून गाजला, तो अकालजलदाचे श्लोक जणू स्वतःचेच असल्यासारखे वापरून.

पणजोबाच्या रचना दुसऱ्याच्या नावावर खपल्या, याची आठवण घराण्यात चौथ्या पिढीपर्यंत राहिली होती. काव्यमीमांसेत एक जुनं मत नोंदवलेलं आहे. इतर चोऱ्या काळाबरोबर विरून जातात, शब्दांची चोरी मात्र मुलानातवंडांपर्यंत विरत नाही. ते मत चोराच्या वंशाबद्दल आहे. ज्याचं गेलं त्याच्या वंशालाही ते तितकंच लागू पडतं, याचा पुरावा खुद्द राजशेखरच आहे.

हरणाचे प्रकार

राजशेखराचा शब्द 'चौर्य' नसून 'हरण' आहे. दुसऱ्याने वापरलेले शब्द किंवा अर्थ आपल्या रचनेत बांधणं म्हणजे हरण. व्याख्या करून झाल्याबरोबर तो त्याचे दोन भाग पाडतो: टाकून द्यावं असं आणि स्वीकारावं असं. म्हणजे साम्य सापडलं की गुन्हा झाला, असं तो धरत नाही. साम्य ही त्याच्या चौकशीची सुरुवात आहे. (लॅटिनमध्येही हा शब्द पळवून नेण्यावरूनच आला. माणसं पळवणाऱ्याला 'प्लेजिआरिअस' म्हणत. पहिल्या शतकातल्या मार्शल या रोमन कवीने तो आपल्या कविता पळवणाऱ्याला लावला.)

शब्दहरण पाच पातळ्यांवर होतं: एक पद, श्लोकाचा एक चरण, अर्धा श्लोक, पूर्ण श्लोक, अख्खा प्रबंध. एका शब्दाचं हरण दोष नाही, असं आधीचे आचार्य म्हणतात. राजशेखर त्याला एक अपवाद जोडतो: तो शब्द द्व्यर्थी नसेल तर. श्लेष साधणारा एकच शब्द उचलला तरी ती चोरी, कारण कवीची सगळी करामत त्या एका शब्दात असते. विकत घेतलेलं काव्य आपल्या नावावर खपवणं हेही हरणच, असं मतही तो नोंदवतो. यश मिळालं नाही तरी चालेल, अपयशाचा डाग नको, हे त्यामागचं कारण.

अर्थहरणाची वर्गवारी याहून बारीक आहे. त्याच्या आधी काश्मीरच्या आनंदवर्धनाने दोन कवींमधल्या साम्याचे तीन प्रकार सांगितले होते: आरशातल्या प्रतिबिंबासारखं, चित्रासारखं, आणि दोन माणसांच्या चेहऱ्यांत दिसावं तसं. राजशेखराने चौथा जोडला, परपुरप्रवेश. यात मूळ बीज तेच असतं, पण बांधणी सर्वस्वी निराळी. या चारांचे प्रत्येकी आठ असे एकूण बत्तीस पोटप्रकार तो देतो. 'प्रतिबिंबकल्प' म्हणजे अर्थ सगळा तोच, फक्त वाक्यरचना वेगळी. त्याचे काही पोटप्रकार पाहा. आधीचं नंतर आणि नंतरचं आधी करणं, हे व्यस्तक. थोडक्यात सांगितलेलं पसरवून सांगणं, हे तैलबिंदू. पाण्यावर तेलाचा थेंब पसरतो तसं. दोन ठिकाणचं उचलून एकत्र जोडणं, हे संपुट. आणि एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत नेऊन आपलं म्हणून मांडणं, याला तो म्हणतो नटनेपथ्य. माणूस तोच, वेश बदलून रंगमंचावर आलेला.

प्रबंध कसे 'तयार' होतात हे ज्याने जवळून पाहिलं आहे, त्याला ही यादी ओळखीची वाटेल.

यंत्र काय करतं

आता यंत्राकडे येऊ. चौर्य पकडण्याचे संगणकी प्रयत्न सुरू झाले ते विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामपासून. १९७६ साली पर्ड्यू विद्यापीठात कार्ल ऑटेनस्टाइन यांनी फोरट्रानमधले सारखे प्रोग्राम हुडकण्याची पद्धत मांडली. १९९४ मध्ये अ‍ॅलेक्स एकेन यांची 'मॉस' ही प्रणाली आली, तीही प्रोग्रामसाठीच. लिखित मजकुरासाठीचा एक पायाभूत निबंध १९९५ सालचा, स्टॅनफर्डचा. त्याच्या लेखकांत सर्गेई ब्रिन होते, पुढे गूगल काढणाऱ्या दोघांपैकी एक. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात टर्निटिन सुरू झालं. त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला.

या साधनांची मूळ रीत सोपी आहे. मजकुराचे काही शब्दांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याचं गणिताने एका आकड्यात रूपांतर करायचं. हे आकडे म्हणजे मजकुराचे अंगठ्याचे ठसे. त्यातले निवडक ठसे साठ्यातल्या कोट्यवधी ठशांशी ताडून पाहायचे. जुळले की तेवढा मजकूर रंगतो आणि रंगलेल्या मजकुराचं एकूणाशी प्रमाण म्हणजे तो टक्का.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, यंत्राला फक्त साम्य दिसतं. अवतरणचिन्हात नावासह दिलेला उतारा आणि गुपचूप उचललेला उतारा, दोन्हींचे ठसे एकच. अवतरणं वगळायची सोय असते, पण ती कोणीतरी लावावी लागते. दुसरी, जे साठ्यात नाही ते यंत्राच्या लेखी जगात नाही. म्हणून या कंपन्यांचा खरा ऐवज म्हणजे साठा. विद्यार्थ्यांनी तपासणीसाठी दिलेले निबंधही साठ्यात जमा होतात. आमचं लेखन परवानगीशिवाय का ठेवता, म्हणून अमेरिकेतल्या काही शाळकरी मुलांनी टर्निटिनच्या कंपनीवर दावा लावला होता. २००९ साली अपील न्यायालयाने तो वापर कायद्यात बसतो असा निकाल दिला.

भारतात या टक्क्याला कायद्याचं बळ मिळालं ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर सुधारित प्रबंध सादर करायला एक वर्ष बंदी. साठच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. नावानिशी दिलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांची नावं, ठरावीक समीकरणं हे मोजणीतून वगळायचं. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही धरायचे नाहीत. पुढच्याच वर्षी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने 'शोधशुद्धी' योजना आणली आणि विद्यापीठांना स्वीडनचं उरकुंड हे सॉफ्टवेअर मिळालं. नंतर त्याची जागा ड्रिलबिट या भारतीय सॉफ्टवेअरने घेतली.

नियम वाईट नाहीत. त्याआधी अख्खे प्रबंध नाव बदलून खपत होते आणि अडवणारं कोणी नव्हतं. राजशेखराच्या पाच पातळ्यांपैकी वरच्या दोन, म्हणजे पूर्ण श्लोक आणि पूर्ण प्रबंध, यंत्र उत्तम पकडतं. अडचण सुरू होते ती त्याच्या खाली.

मराठीची गोष्ट वेगळी

इंग्रजीत शब्द वाक्यात फारसे बदलत नाहीत. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, सामासिक शब्द होतात आणि वाक्यातला क्रमही सैल असतो. 'वाकाटकांच्या काळात वत्सगुल्म हे विद्येचे केंद्र होते' हे एक वाक्य घ्या. आता 'वत्सगुल्म हे वाकाटककाळी विद्याकेंद्र होते' हे दुसरं. अर्थ तोच, पण सलग तीन शब्दांचा एकही तुकडा जुळत नाही. प्रतिबिंबकल्प हरण इथे फुकटात सुटतं.

फाँटचा घोटाळा याहून मोठा. युनिकोड रुळण्याआधी, आणि काही ठिकाणी अजूनही, मराठी टंकलेखन कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटमध्ये होतं. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण फाइलच्या आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. असा प्रबंध युनिकोडमधल्या मजकुराशी जुळूच शकत नाही. शब्दन् शब्द तोच असला तरी यंत्राला ती वेगळी लिपी वाटते. जुने प्रबंध तर पानांचे फोटो म्हणून चढवलेले असतात. चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून घेतल्याशिवाय त्यांचा ठसाच निघत नाही. गावोगावच्या ग्रंथालयांत पडून असलेली पुस्तकं, गौरवग्रंथ, स्मरणिका, दिवाळी अंक हे सगळं साठ्याबाहेर. नेमकं तेच स्थानिक इतिहासाच्या प्रबंधांचं मुख्य साधन.

आणि मग नटनेपथ्य. हिंदी किंवा इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मराठीत आणलं, की शब्दांचे ठसे पार बदलतात. भाषा ओलांडून झालेली उचल पकडण्याचं संशोधन चालू आहे. २०११ साली भारतीय भाषांसाठीच्या 'फायर' या परिषदेत इंग्रजी-हिंदी उचलीवर खास स्पर्धाही झाली. पण साध्या ठशांच्या पद्धतीला हा वेश ओळखता येत नाही. त्यात आता यांत्रिक अनुवाद आणि वाक्यं फिरवून देणारी साधनं प्रत्येकाच्या मोबाइलवर आली आहेत. शास्त्रीय नियतकालिकांत तर या साधनांनी रूढ संज्ञांचेही भलतेच पर्याय घातलेले २०२१ मध्ये गीयोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. 'कृत्रिम बुद्धिमत्ता'ऐवजी 'बनावट जाणीव' म्हणावं तसे.

परिणाम असा की मेहनती पण साधनांत कच्चा विद्यार्थी अडकतो. ताम्रपटांवर लिहिताना तो संपादित पाठ जसाच्या तसा देतो, अवतरणचिन्हं नीट लावत नाही आणि टक्का चढतो. सराईत मात्र सुटतो. काव्यमीमांसेत एक प्रसिद्ध विधान आहे: कवी आणि व्यापारी यांत चोर नाही असा कोणीच नाही, ज्याला लपवता येतं तो निंदेशिवाय सुखात राहतो. टक्क्याने शिकवलेलं कौशल्य नेमकं हेच आहे, लपवण्याचं. टक्का 'खाली आणून देण्याचा' धंदा त्यातूनच उभा राहिला. तो अर्थातच विकत घेतलेल्या काव्याच्या सदरात मोडतो.

अवंतिसुंदरीची यादी

राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी चाहमान घराण्यातली. 'कर्पूरमंजरी'चा प्रयोग तिच्या इच्छेवरून झाला. काव्यमीमांसेत राजशेखर तिची मतं आचार्यांच्या मतांच्या बरोबरीने देतो. हरणाच्या प्रकरणात, माणूस कुठल्या कारणांनी दुसऱ्याचं घेतो, याची यादी ती सांगते. तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याचं बोलणं गुळवेलीसारखं कडू, माझं द्राक्षासारखं गोड. त्याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे. हे जाणणारे आता उरले नाहीत. याचा कर्ता दूरदेशी आहे. याचं मूळच नष्ट झालं आहे.

तिने हे व्यवहार म्हणून सांगितलं आणि ग्रंथात त्याचा निषेध नाही. पण आज वाचताना तिच्या यादीतलं जवळजवळ प्रत्येक कारण ताकदीबद्दल आहे, हे लक्षात येतं. हरण बहुधा वरून खाली होतं. मोठं नाव लहान नावाचं घेतं, मानाची भाषा बिनमानाच्या भाषेचं घेते, जिवंत माणूस मेलेल्याचं घेतो. विद्यार्थ्याचं काम मार्गदर्शकाच्या नावावर छापलं जातं. गावातल्या हौशी अभ्यासकाने वर्षानुवर्षं गोळा केलेली माहिती शहरातल्या ग्रंथात निनावी येते. यातलं काहीही टक्क्यात उमटत नाही, कारण ज्याचं गेलं त्याचं लेखन साठ्यात नसतं.

साम्य म्हणजे चोरी नव्हे, याचीही साक्ष इतिहास देतो. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या 'काव्यानुशासना'त काव्यमीमांसेतले लांबलचक भाग जवळजवळ शब्दशः उतरले आहेत. आजचा रिपोर्ट त्यावर लाल रेघा ओढेल. पण शास्त्रग्रंथात पूर्वसूरींचं जतन करणं हा रिवाज होता. वाकाटकांच्या ताम्रपटांतही वंशावळीचे आणि दानाचे तेच ते साचे येतात. वाशीमला १९३९ साली सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात अभ्यासकांना महत्त्वाचा वाटला तो साच्यातला फरक. वंशावळीत पहिल्या प्रवरसेनानंतर सर्वसेनाचं नाव आलं आणि वत्सगुल्मची वाकाटक शाखा वेगळी होती, हे स्पष्ट झालं. त्या आधारावर वा. वि. मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख नव्याने लावला. हे ठरवायला साम्य मोजून भागलं नसतं, वाचावं लागलं.

सर्वसेनाचं काय उरलं

चौथ्या शतकातला हा सर्वसेन राजा कवी होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. विषय पारिजातहरण: सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो. कुंतकाने सुकुमार शैलीचं उदाहरण म्हणून कालिदासाच्या जोडीला सर्वसेनाचं नाव घेतलं. हे काव्य आज अस्तित्वात नाही. त्याची एकही पोथी मिळालेली नाही.

तरीही ते होतं, त्यात काय होतं आणि ते कोणाचं होतं, हे आपल्याला माहीत आहे. कारण आनंदवर्धनाने सर्वसेनाचं आणि हरिविजयाचं नाव घेऊन त्यावर लिहिलं. भोजाने आपल्या ग्रंथांत प्राकृत गाथा शेकड्यांनी उद्धृत केल्या, पण पुष्कळदा कवीचं नाव दिलं नाही. त्यातल्या कोणत्या हरिविजयाच्या असाव्यात, हे प्रसंग आणि छंदावरून ताडून पाहण्याचं काम व्ही. एम. कुलकर्णी यांना विसाव्या शतकात करावं लागलं. जिथे नाव दिलं तिथे खात्री आहे, जिथे दिलं नाही तिथे तर्क. वाशीमच्या राजाचं काव्य उरलं आहे ते फक्त इतरांच्या अवतरणांत.

म्हणून नाव देऊन उद्धृत करणं ही दंड टाळण्याची तांत्रिक अट नाही. ज्याचं आहे त्याला ते परत पोचवण्याची ती एकमेव वाट आहे, तो हयात नसला आणि त्याची पोथी वाळवीने खाल्ली असली तरी. संशोधक विद्यार्थ्याला हे सांगितलं तर अवतरणचिन्ह कशासाठी असतं ते त्याला कळेल. 'दहाच्या आत आण' एवढंच सांगितलं तर तो शब्द फिरवायला शिकेल.

यंत्र टाकून द्यावं असं इथे कोणी म्हणत नाही. विदर्भातले जुने प्रबंध आणि स्थानिक ग्रंथ युनिकोडमध्ये आले, तर हेच यंत्र गावातल्या त्या निनावी अभ्यासकाच्या बाजूने साक्ष देऊ शकेल. पण रिपोर्ट कुठे पाहायचं एवढंच सांगतो. तिथे काय घडलं, ते टाकून द्यावं असं की स्वीकारावं असं, हे रंगलेला परिच्छेद आणि त्याचं मूळ शेजारी ठेवून कोणीतरी वाचल्याशिवाय ठरत नाही. राजशेखराने बत्तीस प्रकार मोजले, पण टक्के मोजले नाहीत.